तिसऱ्या रविवारची हरकत

"लाजरस दगडू साळवे, विधुर, वय बासष्ट, राहणार ख्रिस्त निवारा, आणि दीनाबाई शांतवन जगताप, विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार ख्रिस्त निवारा, यांचा विवाह ठरला आहे. या विवाहास कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी कळवावी. ही पहिली वेळ."

लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये असं वाचायची आमच्यात पद्धत. एवढं वाचून पाळकसाहेबांनी कागदाची घडी केली आणि लगेच गीताचा नंबर सांगितला, जसं काही झालंच नाही. मी गीतांचं पुस्तक हातात धरून तशीच बसले. कारण दीना माझ्या शेजारीच होती, मांडीला मांडी लावून. त्या दिवशी पहाटेपासून आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले होते, पीठ चाळलं होतं, कांदा चिरला होता. तेवढ्या वेळात बयेनं एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं.

मी तिला कोपरानं ढोसलं. "हे काय गं?"

"गीत सुरू झालंय. उभी राहा," ती म्हणाली आणि खणखणीत आवाजात गायला लागली.

चर्च सुटल्यावर मी तिला सायकली लावायच्या जागेपाशी गाठलं.

"या वयात लग्न? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

"आणि राहणार कुठं? निवाऱ्याचा नियम माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे."

मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माझं पहिल्यापासून असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "स्टेशनच्या जिन्याखाली अकरा दिवस काढलेस ते विसरलीस वाटतं. आता नवऱ्याला घेऊन तिथंच संसार मांड."

दीनानं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली, मग चालायला लागली, आणि पुढचे चौदा दिवस माझ्याशी बोलली नाही.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. निवारा अजून आहे, पण तेव्हाचा निवारा कसा होता ते सांगायला पाहिजे. श्रीरामपूरला आमच्या चर्चच्या मागं जुन्या शाळेची बैठी इमारत होती. शाळा नव्या जागी गेली आणि मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्या इमारतीत बेघर माणसांसाठी निवारा काढला. डावीकडं पुरुषांचा हॉल, उजवीकडं बायकांचा, मधे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी खोली. मी हन्ना त्रिभुवन, तिथली मेट्रन. झोपायला पंचवीस-तीस माणसं असायची, पण दुपारच्या जेवणाला दार सगळ्या गावाला उघडं. मालधक्क्यावरचे हमाल यायचे, भंगार वेचणाऱ्या बायका यायच्या, कोर्टात तारखेला आलेलं एखादं म्हातारं यायचं. कुणाची जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. जेवून झालं की आपलं ताट आपण धुऊन ठेवायचं, एवढीच अट.

धान्य सगळं मुठीचं. आमच्या मंडळीत बायका स्वयंपाकाला लागल्या की आधी एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढतात आणि रविवारी चर्चमध्ये आणून पोत्यात ओततात. शेजारच्या गल्लीतल्या मुसलमान बायकाही शुक्रवारी पिशवी भरून पाठवायच्या. पोत्याला काय कळतंय? ज्वारीवर बाजरी, बाजरीवर गहू, त्यात कुणाच्या तांदळाची कणी. ते सगळं एकत्र दळलं की असं पीठ व्हायचं की भल्याभल्या सुगरणी हात टेकतील. भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे. मी पाच वर्षं लोकांना तुकडेच वाढले, आणि वर दरडावलं, की पोटात गेल्यावर तुकडेच होणार आहेत.

मग दीना आली. भावाच्या मुलांनी घराबाहेर काढलेली. स्टेशनच्या जिन्याखाली पाय सुजून बसली होती, तिथून मीच तिला रिक्षात घालून आणलं. तिसऱ्या दिवशी ती काठीला धरून स्वयंपाकघरात आली, पिठात हात घालून बघितला आणि म्हणाली, "आधण ठेवा." अर्धं पीठ तिनं उकडून घेतलं, उरलेलं त्यात मळलं आणि भाकरी थापली. एका हातानं उचलली तरी मोडली नाही. त्या दिवसापासून परातीपाशी दीना आणि तव्यापाशी मी. सहा वर्षं.

लाजरभाऊ तिच्यानंतर वर्षभरानं आले. तेलाच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, क्वार्टर गेलं, बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. न सांगता रोज चुलीसाठी लाकडं फोडून आणून द्यायचे आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून राहायचे. मला वाटायचं, काय कामसू माणूस आहे. मी मेली आंधळी.

आणि नियम होता, सातव्या क्रमांकाचा. विवाहित जोडप्यांना प्रवेश नाही. म्हणजे लग्न केलं की दोघांच्या दोन्ही खाटा जाणार आणि दोघं रस्त्यावर येणार. दीनाचे पाय पावसाळ्यात अजूनही सुजायचे. मला झोप लागेना.

सोमवारी मी ओहोळ सरांकडं गेले. ते निवृत्त हेडमास्तर, निवाऱ्याच्या कमिटीचे सेक्रेटरी. 

"सर, तो सात नंबरचा नियम काढता येईल का?"

सरांनी पेपर खाली ठेवला. "हन्नाबाई, तो नियम घालायला कुणी लावला?"

मी खाली ठेवलेल्या पेपरातला मथळा वाचायला लागले.

"मी सांगतो. एक पिणारा माणूस बायकोला घेऊन आला होता. त्यानं तिला तुमच्या स्वयंपाकघरात मारलं, तुम्ही मधे पडलात, तुमचा हात मोडला. हात गळ्यात बांधून तुम्ही कमिटीपुढं उभ्या राहिलात आणि म्हणालात, यापुढं नवराबायको आत घ्याल तर मी निघाले. बरोबर?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"असेल. मग लेखी द्या की तुमचं मत बदललंय. कमिटीची काही ना नाही."

साधं काम होतं. चार ओळी खरडायच्या. पण सरांनी पुढं केलेला कागद मी घेतला नाही. 'विचार करते' म्हटलं आणि परत आले. का घेतला नाही, ते मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा वाचलं. दीना आता दोन बाक पुढं बसायला लागली होती. स्वयंपाकघरात तिला माझ्याशी काही बोलायची वेळ आली, तर ती तव्याशी बोलायची. "तव्या, मीठ संपलंय बरं का." मीही काही कमी नव्हते. मी परातीला उत्तर द्यायची. "परातीबाई, डब्यात बघा, कालच भरलंय." जेवायला येणारे हमाल पहिले दोन दिवस हसले, मग त्यांनीही आमच्याकडं बघायचं सोडून दिलं.

शेवटी मी लाजरभाऊंना विचारलं. ते मागच्या अंगणात लाकडं फोडत होते.

"लाजरभाऊ, तिला घेऊन राहणार कुठं?"

"देव बघेल, बाई."

"देवाला काय खोल्या भाड्यानं द्यायचा धंदा आहे?"

ते गालात हसले आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनाशी ठरवलं, आता घोडामैदान जवळच आहे.

तिसरा रविवार. पाळकसाहेबांनी कागद उघडला. लाजरस दगडू साळवे, विधुर. दीनाबाई शांतवन जगताप, विधवा. "कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी कळवावी. ही तिसरी आणि शेवटची वेळ." आणि कागदाची घडी करून ते गीताच्या नंबराकडं वळले.

मी उभी राहिले. "माझी हरकत आहे."

पेटीवर हात ठेवून बसलेल्या माणसाचा हात तसाच राहिला आणि एक सूर उगाच रेंगाळला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय म्हणालात?"

"हरकत आहे म्हटलं. तुम्हीच विचारलंत ना?"

"विचारायची पद्धत आहे, हन्नाबाई."

"मग सांगायचीही असेल."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. पाळकसाहेबांनी उपासनेचं पुस्तक उघडलं आणि पानं चाळायला लागले. त्या चर्चमध्ये आजवर कुणी हरकत घेतली नव्हती, त्यामुळं ती आल्यावर पुढं काय करायचं ते पान कुणी उघडलंच नव्हतं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती त्यांनी नखानं सोडवली, मनातल्या मनात वाचली आणि विचारलं, "हरकतीचं कारण?"

"या दोघांना राहायला घर नाही."

"घर नसणं ही कायद्यानं हरकत होत नाही. पहिला नवरा किंवा बायको हयात आहे, दोघं जवळच्या नात्यातले आहेत, असं काही आहे का?"

"दोन म्हाताऱ्या माणसांना आशीर्वाद देऊन रस्त्यावर काढायचं, हे चालतं का तुमच्या कायद्याला?"

आता कुणी खोकलं नाही. दोन बाक पुढं दीनाची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. पाळकसाहेब म्हणाले, "उपासना झाल्यावर कमिटीच्या खोलीत बसू. तोवर गीत म्हणू या." मी खाली बसले.

कमिटीच्या खोलीत आम्ही पाच जण. पाळकसाहेब, ओहोळ सर, एका बाजूला मी आणि समोर ते दोघं. सर नियमांची फाईल घेऊनच आले होते.

पाळकसाहेबांनी विचारलं, "लाजरभाऊ, हन्नाबाईंचा मुद्दा खरा आहे. लग्नानंतर तुम्ही कुठं जाणार?"

"कुठंच नाही, साहेब."

"म्हणजे?"

"लग्न करायचं आणि मी माझ्या खाटेवर, ती तिच्या खाटेवर. जसं आहे तसं. नियमात काय लिहिलंय? जोडप्याला प्रवेश नाही. आम्हाला प्रवेश कुठं पाहिजे? आम्ही तर आधीपासून आत आहोत."

ओहोळ सरांनी फाईल उघडून वाचून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "शब्दशः बरोबर आहे," ते म्हणाले. "बाहेर काढा असं कुठंही लिहिलेलं नाही."

माझं डोकं फिरलं. चौदा दिवस मी ज्या रस्त्याच्या काळजीनं झोपले नव्हते, तो रस्ता यांच्या मनातसुद्धा नव्हता.

"मग लग्न तरी कशाला करताय?" मी विचारलं. "तिकडं तुम्ही, इकडं ती. मधे माझं स्वयंपाकघर. असं कुठं लग्न असतं का?"

तेव्हा दीना माझ्याशी बोलली. "हन्ना, चौदा दिवसांत तू हे आज पहिल्यांदा विचारतेस. कुठं राहणार विचारलंस, लोक काय म्हणतील विचारलंस. का, ते नाही विचारलंस."

लाजरभाऊंनी टोपी मांडीवर ठेवली. पाच वर्षांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"बाई, गेल्या पावसाळ्यात शंकर गेला. माझ्या शेजारच्या खाटेवरचा. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा मी तीन दिवस बाहेर बसून होतो. तो गेल्यावर तिथल्या माणसानं विचारलं, जवळचं नातेवाईक कोण? मी म्हटलं, मी. नातं काय? मी म्हटलं, शेजारची खाट. तो माणूस चांगला होता. म्हणाला, बाबा, असं नातं लिहायला या कागदावर जागा नाही. माझी सही चालली नाही. मग शंकरच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधली. त्यावर लिहिलं, बेवारस." ते थांबले. "त्याला नाव होतं, बाई. चार वर्षं मी रोज सकाळी त्याला त्या नावानं हाक मारत होतो."

"मला हे यानं सांगितलं," दीना म्हणाली, "तेव्हा मी म्हटलं, तू आधी गेलास तर मी सही करीन. मी गेले तर तू कर. त्याला लग्न लागत असेल, तर लग्न करू."

पाळकसाहेबांनी विचारलं, "एवढंच कारण आहे का?"

लाजरभाऊ टोपीकडं बघत म्हणाले, "एवढंच असं नाही. म्हणजे... भाकरीपण चांगली करते." 

दीनानं पदर तोंडाला लावला. बासष्ट वर्षांच्या त्या हाडकुळ्या माणसाचे कान लाल झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

"मग हन्नाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "हरकतीचं काय करायचं?"

"मागं घेते. पण साहेब, चर्चमध्ये मी खरं बोलले नाही."

"म्हणजे?"

"घराची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण तेवढ्यासाठी उभी राहिले नाही मी. नियम तर माझ्या चार ओळींनी गेला असता, सरांना विचारा. मी लिहिल्या नाहीत." सर फाईलकडं बघत राहिले. "नवरा वारल्यावर मी इथं आले. तीस माणसांना वाढायची आणि मग आपलं ताट घेऊन खोलीत जायची. पाच वर्षं भिंतीकडं बघत जेवले. दीना आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझं ताट स्वयंपाकघरात आपल्या ताटाशेजारी ठेवलं. हिचं लग्न झालं की ताट त्याच्या शेजारी जाणार. मला ती पाहिजे होती. म्हणून हरकत."

मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मग तसं म्हणायचं ना, येडे," दीना म्हणाली. "चौदा दिवस तव्याशी बोलून माझं तोंड दुखलं."

मी पदरानं नाक पुसलं आणि ओहोळ सरांकडं हात केला. "द्या तो कागद."

तिथंच बसून मी लिहून दिलं, की सात नंबरचा नियम माझ्या सांगण्यावरून झाला होता आणि माझ्याच सांगण्यावरून तो रद्द करावा. खाली आणखी एक ओळ घातली, की मेट्रनची खोली यापुढं नवराबायकोसाठी राहील आणि मेट्रन बायकांच्या हॉलमध्ये झोपेल. सरांनी वाचून मान हलवली.

"ही खोली नको आम्हाला," दीना म्हणाली. "तुझी आहे ती."

"तुला कोण विचारतंय? हा मेट्रनचा हुकूम आहे."

पुढच्या शनिवारी लग्न झालं. हळद मीच वाटली आणि मीच पहिल्यांदा लावली, नाकालाही लावली. पाळकसाहेबांच्या बायकोनं आपली पांढरी रेशमी साडी दिली. हरकतीची बातमी तोवर गावभर झाली होती, त्यामुळं नवरानवरीपेक्षा मला बघायला जास्त लोक आले. मालधक्क्यावरचे हमाल झाडून सगळे हजर, धुतलेले सदरे घालून, आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये. शुक्रवारी पिशव्या पाठवणाऱ्या बायका मागच्या दारापाशी उभ्या होत्या.

लग्नाच्या विधीतही एक जागा अशी येते, की कोणाची हरकत असल्यास त्यानं आता बोलावं. मला हे आधी सुचलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी ते वाक्य वाचलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबले. सबंध चर्चनं माना वळवून माझ्याकडं पाहिलं. नवरीनंसुद्धा. मी छताकडं बघत बसले, घामानं नुसती निथळत. शेवटी लाजरभाऊच हळूच म्हणाले, "पुढं वाचा साहेब, आज त्या गप्प आहेत."

दुपारी सगळ्या गावाला जेवण झालं. मटण, भात आणि दीना ऐकेना म्हणून तिच्याच हातच्या भाकरी. नवरी हळदीच्या हातांनी परातीपाशी बसलेली, पदर खोचून. मी तव्यापाशी होते, पण इतकी गर्दी की एकमेकींकडं बघायलाही सवड नव्हती. 

तीन वाजता ताटं धुऊन झाली. माझी ट्रंक मी सकाळीच बायकांच्या हॉलमध्ये, दीनाच्या रिकाम्या खाटेपाशी नेऊन ठेवली होती. खोलीचं दार त्या दोघांच्या मागं बंद झालेलं पाहिलं आणि येऊन आडवी झाले, भिंतीकडं तोंड करून. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आपल्या हातून काही चांगलं झालं की पोट भरल्यासारखं वाटतं, तसं वाटत होतं. आणि तरी रडू येत होतं. उशीला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.

अर्धा तास गेला असेल. पाठीत बोट टोचलं. वळून बघते तर दीना, पांढऱ्या साडीत, बगलेत उशी.

"काय गं, पहिल्याच दिवशी भांडलात?"

"छे. झोपलाय तो. थकला बिचारा."

"मग जा ना तिकडं. नवी नवरी तू, इथं काय करतेस?"

"जाईन संध्याकाळी," ती म्हणाली आणि साडी सावरत खाटेच्या कडेला टेकली. "सकाळपासून इतकं काय काय झालं आणि तुझ्याशी एक शब्द बोलायला मिळाला नाही. सांगू कुणाला? सरक."

मी सरकले. ती माझ्या शेजारी आडवी झाली आणि लग्नाची सगळी हकीकत मला पहिल्यापासून सांगायला लागली, जसं काही मी तिथं नव्हतेच.